पार्श्वभूमी पांढरी

दर वर्षी सुगी संपता संपता वाउटर येतो.
खानापुरानं पहिल्याच आठवड्यात त्याचं वाटर केलं,
मग वाटरमामा.
सायकल पायरीला टेकवतो, चप्पल बाहेर काढतो.
झेरॉक्सच्या दुकानात कोण चप्पल काढतं?
तो काढतो. मी आता सांगायचं सोडलंय.

"बिर्जेबाई, फोटो. पाच. दोन्ही कान दिसायला पाहिजेत."

चादरीचं एक टोक खिळ्याला,
दुसरं शेजारच्या मल्लव्वाच्या हातात.
ती हार अर्धा टाकून येते, बोटांना शेवंती चिकटलेली.
सतरा वर्षांचे फोटो आहेत माझ्या कम्प्युटरात:
पिवळे केस, मग राखी, मग नुसतं कपाळ,
मागं तीच चादर.

आला होता फायर ब्रिकच्या भट्टीसाठी,
करार दोन वर्षांचा.
भट्टी थंड होऊन सहा वर्षं झाली,
धुराड्यात पिंपळ उगवलाय,
मालकाचा पोरगा बंगळूरला फ्लॅट विकतो.
वाटर राहिला.
का, म्हणून विचारलं तर म्हणतो, "माती चांगली आहे की ओ,"
जशी काय मातीच त्याला जेवायला वाढते.

घरमालक गणाचारी भाडं वाढवतो म्हणतो
आणि चहा पिऊन विसरतो.
त्याच्या परसात वाटरनं विटांचा ओव्हन बांधलाय.
शनिवारी चौदा पाव निघतात, काळपट, दगडासारखे.
अल्मेडा बेकरीत ते 'फॉरेन' म्हणून
दहा रुपये चढे जातात.
"पैसे नको, धंदा दिसला तर व्हिसा जाईल,"
म्हणून अल्मेडा त्याला अंडी देतो.
अंडी जास्त झाली की माझ्याकडे येतात.
असा आमच्या गल्लीचा परदेश व्यापार.

गेल्या वर्षी बोर्डाची नोटीस आली.
वर कन्नड, ठळक. खाली आमचं, मावेल तेवढं.
इराप्पा पेंटर शिडी घेऊन आला.
मला कन्नड येत नाही असं नाही,
उताऱ्यापुरतं, लाइट बिलापुरतं येतं.
वाटर खाली उभा, मान वाकडी करून.
भट्टीवरच्या पोरांकडनं शिकलेलं त्याचं कन्नड,
अर्ध्या शिव्या, अर्धं व्याकरण.
म्हणाला, इराप्पा, 'झ'ला एक शेपूट कमी पडलंय.
इराप्पा उतरला. लांबनं बघितलं.
एक शिवी दिली, कुणाला ते कळलं नाही,
परत चढला, शेपूट काढलं.
हॉलंडच्या माणसानं माउली झेरॉक्सचं कन्नड दुरुस्त केलं
आणि मी तिघांना चहा सांगितला.
बाकी काही झालं नाही.

यंदा फॉर्म भरताना एका रकान्यात अडकलो:
राहण्याचं कारण.
आजवर 'काम' लिहीत होतो. काम कुठाय?
"लग्न लिही की," मल्लव्वा कन्नडमधनं म्हणाली
आणि हसताना चादर सुटली.
तेव्हा मशीनच्या काचेवर माझ्या लेकीचा कागद होता,
कोल्हापूरच्या कॉलेजसाठी सीमाभागाचा दाखला.
त्यातही एक रकाना.
आम्ही कुठले, ते लिहायला अर्धा इंच जागा.

इतक्यात लाइट गेली.
"सेव्ह केलं?"
"नाही गा."

पायरीवर बसलो तिघं. पाव फोडला,
मल्लव्वानं शेंगाचटणीची पुडी सोडली.
समोरनं जांबोटीची बस गेली, धुरळा पावावर.
तो झटकत वाटर म्हणाला,
"बिर्जेबाई, तुमचं कारण काय?"
"कसलं?"
"इथं राहायचं."
"दुकान आहे की."
"मग माझंपण तेच लिहा."
"कुणाचं दुकान?"
"तुमचंच. मी गिऱ्हाईक."

लाइट आल्यावर पहिल्यापासून सगळं.
नाव. बापाचं नाव. कान दिसतात का बघितलं.
साठ रुपये झाले.
त्यानं शंभराची नोट ठेवली,
चाळीस पुढच्या वर्षाला जमा.